शिल्लक रजेतील युरोप

७ मार्च १८७० रोजी जबलपूर येथे एक मोठा समारंभ झाला. मुंबईहून आलेला ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग आणि अलाहाबादेहून आलेला ईस्ट इंडियन रेल्वेचा मार्ग या गावी एकमेकांस मिळाले, आणि मुंबई ते कलकत्ता अशी अखंड वाट खुली झाली. सुएझचा कालवा काही महिन्यांपूर्वीच सुरू झालेला होता. विलायतेचे अंतर एकाएकी आखडले. पुढे ज्यूल व्हर्नने ऐंशी दिवसांत जगप्रदक्षिणा करणारा नायक निर्माण केला, तो याच नव्या वाटेच्या भरवशावर. या नायकाने निघताना थैलीत २०,००० पौंड घेतले होते आणि त्यांपैकी सुमारे १९,००० वाटेतच उडविले. त्याला घरप्रपंच नव्हता आणि निवृत्तिवेतनाची चिंताही नव्हती.

जबलपूरच्या मराठी माणसाची गोष्ट निराळी. १७९८ च्या सुमारास नर्मदेचे हे खोरे नागपूरकर भोसल्यांकडे आले, तेव्हापासून येथे मराठी वस्ती आहे. १९५६ साली उच्च न्यायालय नागपुराहून येथे आले, त्याबरोबर वकील आले, कारकून आले. तोफगाड्यांचा कारखाना, रेल्वे, वीज मंडळ यांनी आणखी कित्येक घरे वसविली. राइट टाउन, नेपियर टाउन या भागांत हिंडताना ज्यांच्या दारावर मराठी आडनाव दिसते, त्यांतील पुष्कळांचे आयुष्य हजेरीपट आणि रजेचे अर्ज यांत गेलेले असते. असे एखादे गृहस्थ साठाव्या वर्षी सेवानिवृत्त झाले आहेत आणि पति-पत्नींच्या मनात युरोप पाहावयाचे आहे, अशी कल्पना करू. आठ दिवसांत सात देश दाखविणाऱ्या मंडळींबरोबर नव्हे. स्वस्थपणे, तीन महिने.

पहिला प्रश्न पैशाचा नसून, तो कोणत्या पेटीतून काढावयाचा हा आहे. सेवानिवृत्त सरकारी नोकराच्या हाती एकाच वेळी निरनिराळ्या जातींचा पैसा येतो, आणि येथेच बहुतेकांची गल्लत होते. निवृत्तिवेतनाचा चाळीस टक्क्यांपर्यंतचा भाग आगाऊ विकता येतो. परंतु तो पंधरा वर्षांनी परत मिळतो, म्हणजे तोवर दरमहा कमीच घ्यावे लागते. प्रवासासाठी हा मार्ग पत्करणे म्हणजे पंचाहत्तराव्या वर्षाच्या औषधांतून साठाव्या वर्षीचे तिकीट काढणे होय. उपदान आणि भविष्यनिर्वाह निधी ही घराची आणि आजारपणाची ठेव. तिलाही हात लावू नये. १ जानेवारी २००४ नंतर केंद्राच्या नोकरीत लागलेल्यांचे गणित तर आणखी वेगळे, त्यांनी अधिकच जपून असावे.

उरते ती रजा. वर्षाला तीस दिवसांची अर्जित रजा साठत साठत जास्तीत जास्त तीनशे दिवस होते, आणि निवृत्तीच्या दिवशी तिचे मूळ वेतन व महागाई भत्त्यासह पैसे मिळतात. म्हणजे सुमारे दहा महिन्यांचा पगार. हा पैसा आकाशातून पडलेला नाही. साहेबांच्या दौऱ्यामुळे, हिशेबतपासणीमुळे, निवडणुकीच्या कामामुळे जी रजा घेता आली नाही, तिची ही किंमत आहे. मुलांच्या उन्हाळ्याच्या सुट्या ज्या माउलीने एकटीने माहेरी काढल्या, तिचाही त्यात अर्धा वाटा आहे. रजेचा पैसा रजेवरच खर्च व्हावा, यात उधळपट्टी ती कोणती?

आता आकडे. शेंगेन करारातील २९ देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते, आणि १२ ऑक्टोबर २०२५ पासून हे दिवस मोजण्याचे काम सरहद्दीवर यंत्राकडे गेले आहे. तेव्हा एखाददुसऱ्या दिवसाकडे कोणी काणाडोळा करील ही आशा नको. व्हर्नच्या नायकाप्रमाणे ऐंशी दिवसच धरावेत, दहा अडीअडचणीस राखावेत. राहण्यास रोज ६५ युरो, खाण्यास ३०, प्रवासास २०, इतर १५. दोघांचे मिळून १३०. ऐंशी दिवसांचे १०,४०० युरो झाले. २०२५ च्या अखेरीस युरो १०० रुपयांच्या वर गेला होता. अंदाजपत्रकात ११० धरावा. म्हणजे ११,४४,००० रुपये. विमानास १,६०,००० आणि प्रवेशपत्र, विमा, मुंबईच्या खेपा यांस ८०,००० धरले तर १३,८४,००० होतात. ज्यांचे अखेरचे वेतन भत्त्यासह दीड लाख होते त्यांची रजा १५ लाखांची. वरचे १,१६,००० बाजूला राहतात. वेतन एक लाख असेल तर दिवस पन्नास करावेत, पेटी बदलू नये.

रोजचे ६५ युरो ज्यूरिकला किंवा पॅरिसला पुरणार नाहीत. ते पुरतात ते पोर्तुगालात, पोलंडात, हंगेरीत, एकाच गावी महिनाभर स्वयंपाकघरासह खोल्या घेतल्या तर. पॅरिस चार दिवस पाहावे आणि क्राकूवला महिनाभर राहावे, असा हा हिशेब आहे. येथे गृहिणीचा आक्षेप बहुधा ठरलेला: “अहो, विलायतेत जाऊनही मी पोळ्याच लाटायच्या का?” आक्षेप रास्त आहे. त्यावर उत्तर एवढेच की पोळ्या आलटून पालटून लाटाव्यात, किंवा तेथील पाव गोड मानून घ्यावा. पाव तेथे उत्तम मिळतो. चित्रे पाहण्यास फार खर्च नाही. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात शेवटचे दोन तास विनामूल्य असतात. ज्यांना युरेल पास घ्यावयाचा त्यांना साठी ओलांडल्यावर दहा टक्के सवलत मिळते. मात्र एकाच गावी मुक्काम असणाऱ्यास पासाची गरज क्वचितच पडते.

परकीय चलनाची अडचण आता नाही. १९६० च्या दशकात परदेशी जाण्यासाठी रिझर्व्ह बँकेचा पी फॉर्म मिळविता मिळविता माणूस रडकुंडीस येई. २००४ साली वर्षाला २५,००० डॉलर नेण्याची मोकळीक मिळाली, ती आज २,५०,००० आहे. आज अडते ते दुसरीकडे. प्रवेशपत्रासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, आणि वयाबरोबर त्याचा हप्ता चढत जातो. मधुमेह, रक्तदाब लपवून तो उतरविला तर ऐन वेळी कागद कागदच राहतो. बोटांचे ठसे स्वतः जाऊन द्यावे लागतात. जबलपूरकरांस त्यासाठी बहुधा मुंबई किंवा दिल्ली गाठावी लागते.

महिने एप्रिल ते जून उत्तम. जबलपूरचा वैशाख चुकतो, तिकडे जुलै-ऑगस्टची गर्दी आणि महागाई लागलेली नसते, आणि नोव्हेंबरात हयातीचा दाखला देण्यास माणूस घरी असतो. आंबा बुडतो, त्यास इलाज नाही.

मुलीच्या लग्नानंतर जाऊ, नातवाच्या मुंजीनंतर जाऊ, असे करीत पासष्टी उलटते आणि गुडघे बोलू लागतात. युरोपातील जुन्या घरांना पुष्कळदा लिफ्ट नसते, आणि स्वस्त खोल्या तिसऱ्या मजल्यावर असतात. म्हणून तिकिटे काढण्यापूर्वी दोन तालमी कराव्यात. एक म्हणजे पचमढीस पंधरा दिवस भाड्याच्या खोलीत राहून, हाताने रांधून, रोजचा खर्च वहीत मांडावा. दुसरी भेडाघाटास. भरलेली बॅग हाती घेऊन दोघांनी चौसष्ट योगिनी मंदिराच्या पायऱ्या चढाव्यात. मध्ये जेथे दम लागेल तेथे बसून बॅग उघडावी, आणि त्यातील काय घरी ठेवावयाचे ते तेथेच ठरवावे.