डोळे आभाळात, कान हातात

वसई पूर्वेला, आमच्या सातिवलीत औद्योगिक गाळ्यांची मोठी वस्ती आहे. दिवसभर पत्रा कापण्याचा, ठोकण्याचा आवाज चालू असतो. अशाच एका गाळ्यात माझा लहानसा कारखाना आहे. रविवारी यंत्रं बंद असतात, तेव्हा माझा पुतण्या तिथल्या टेबलावर रेडिओवर चालणारी विमानं जुळवतो.

मागच्या वर्षी त्याचं एक विमान पडलं. उडवताना बॅटरी उतरली होती. ट्रान्समीटरने ते सांगितलं असतं; पण घरात सगळे कटकट करतात म्हणून या पठ्ठ्याने त्याचा आवाजच बंद करून टाकला होता. विमान पडलं ते रिकाम्या शेतात. दहा पावलांवर गुरं राखणारी एक बाई उभी होती. त्या रात्री आम्ही दोघे पुस्तिका उघडून बसलो.

दुरून यंत्र चालवण्याची ही विद्या जुनीच. निकोला टेस्ला यांनी १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये लोकांसमोर रेडिओलहरींनी छोटी होडी चालवून दाखवली होती. आजच्या विमानात सुकाणू हलवण्याचं काम 'सर्व्हो' करतो. काडेपेटीएवढ्या डबीत एक मोटर, काही दातेरी चाकं आणि दांडा कुठे आहे हे मोजणारा एक भाग असतो. त्याला साधारण दर २० मिलिसेकंदांनी एक स्पंद मिळतो. स्पंद दीड मिलिसेकंदाचा असेल तर दांडा मध्यावर राहतो. एकाचा झाला तर एका टोकाला जातो, दोनाचा झाला तर दुसऱ्या टोकाला.

जुळवणी करताना पहिलं काम म्हणजे पंखा काढून ठेवणे. मोटर अचानक फिरली तर बोटं जातात. मग विमानाच्या मागे उभं राहावं. दांडी उजवीकडे नेली की उजव्या पंखाची झडप वर आणि डाव्या पंखाची खाली गेली पाहिजे. उलट झालं, तर 'रिव्हर्स' करावं. एवढी एक चूक राहिली तरी विमान उडताक्षणीच जमिनीवर येतं. मध्य साधायचा तर सर्व्होचा दांडा आधी हाताने काटकोनात बसवावा. उरलेली किरकोळ तफावतच 'सबट्रिम'ने काढावी. शेवटी दोन्ही टोकांची मर्यादा ठरवावी. टोकाला गेल्यावर सर्व्हो घूं घूं करत राहिला, तर समजा तो कुठेतरी अडून नुसताच जोर लावतो आहे. मर्यादा कमी करा, नाहीतर तो तापून जळेल. म्हणजे सर्व्होसुद्धा बोलतो, बरं का!

आता ट्रान्समीटरच्या आवाजाकडे येऊ. उडवणाऱ्याने विमानावरची नजर काढायची नसते. क्षणभर पडद्याकडे पाहिलं, की विमान येतंय की जातंय हेच कळेनासं होतं. म्हणून आकडे डोळ्यांऐवजी कानांनी वाचायचे. पण प्रत्येक बटणाला बीप लावला तर कान बधिर होतात. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या विसरतो ना, तसं. आम्ही तीनच सूचना ठेवल्या. बॅटरी आठ मिनिटं टिकते, तर सहा मिनिटांना घड्याळाची घंटा. लिथियम बॅटरीचा एकेक सेल साडेतीन व्होल्टवर आला की इशारा. आणि सिग्नल क्षीण झाला की तिसरा. तिन्हींचे सूर वेगळे. शिवाय हातात थरथर, कारण गोंगाटात बीप ऐकू येत नाही.

सिग्नल पार तुटलाच तर? त्यासाठी 'फेलसेफ' असतो. त्यात मोटर शून्यावर ठेवायची. पंखा काढलेला असतानाच ट्रान्समीटर बंद करून मोटर थांबते का, हे डोळ्यांनी पाहावं. नुसत्या मेन्यूवर विश्वास ठेवू नये.

काही ट्रान्समीटरांत आपल्या आवाजाची फाईल कार्डावर टाकता येते. पुतण्याने त्याच्या आजीचा, म्हणजे माझ्या आईचा आवाज भरला आहे. बॅटरी उतरली की ट्रान्समीटरमधून आई म्हणते, "बाळा, पुरे आता. खाली ये."

परवा मैदानावर विमान रंगात आलं होतं. हा आवाज आला. मी म्हटलं, "अरे, अजून एक फेरी मार की!" तो म्हणाला, "नको काका, आजी बोलावतेय." आणि त्याने विमान अलगद उतरवलं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)