रोग, स्वभाव आणि सबब

मराठींत 'कारण' आणि 'सबब' असे दोन शब्द आहेत. व्यवहारांत ते पुष्कळदां एकमेकांच्या जागीं वापरले जातात. तथापि शाळेंत उशिरां आलेला मुलगा 'ओढ्याला पूर आला होता' असें सांगूं लागला, म्हणजे गुरुजींना प्रश्न पडतो तो हाच कीं, हें कारण आहे कीं सबब? कारण घटनेचा उलगडा करतें. सबब अंगावरचा दोष झटकून टाकते. श्रोतेहो, हा भेद ध्यानांत ठेवून आज एका मनोविकाराचा विचार करावयाचा आहे. त्याचें नांव 'बायपोलर डिसऑर्डर', म्हणजे द्विध्रुवी मनोविकार.

हें नांव अलीकडे फार स्वस्त झालें आहे. सकाळीं हंसणारा मनुष्य दुपारीं रुसला कीं त्याला 'बायपोलर' म्हणतात. भर पावसाळ्यांत ऊन पडलें तर हवेलाही तेंच विशेषण लावतात. कोणी चारचौघांत अद्वातद्वा बोलला, घरचा पैसा उधळला किंवा बायकोवर हात उगारला, कीं 'बिचाऱ्याला तो आजार असेल' अशी कुजबूज होते. उलटपक्षीं, ज्याला खरोखरीच आजार आहे त्याच्याविषयीं 'हीं सारीं सोंगें आहेत' असा निकाल शेजारीपाजारी देऊन मोकळे होतात. एकीकडे दोषी सुटतो आणि दुसरीकडे रोगी भरडला जातो.

मूळ रोग आहे तरी काय? १८५४ सालीं पॅरिस येथें फाल्रे आणि बायार्झे या दोन वैद्यांनीं, उन्माद आणि विषाद या दोन अवस्था एकाच रोग्यास आळीपाळीनें ग्रासतात असें वर्णन जवळजवळ एकाच वेळीं केलें. १८९९ सालीं जर्मनीचे एमिल क्रेपेलिन यांनीं या दोन्ही अवस्था एकाच रोगाच्या नांवाखालीं आणल्या. आजचें नांव अमेरिकन मनोवैद्यांच्या १९८० सालच्या वर्गीकरणांत रूढ झालें. उन्मादाची अवस्था सामान्यतः निदान आठवडाभर टिकते. झोप दोनतीन तासांवर येते, तरी थकवा जाणवत नाहीं. बोलण्याला खंड नसतो. आपण असामान्य आहों असें वाटूं लागतें. पैसा पाण्यासारखा जातो. विषादाची अवस्था निदान दोन आठवड्यांची. तींत अंथरुणांतून उठणेंही डोंगराएवढें वाटतें आणि जीव नकोसा होतो. या दोहोंच्या दरम्यान महिनेच्या महिने, कधीं वर्षेंही, मनुष्य इतर चौघांसारखाच नीट वागतो. तेव्हां घटकेंत हंसणें आणि घटकेंत रागावणें म्हणजे हा रोग नव्हे.

रोग कोठें संपतो आणि माणूस कोठें सुरू होतो, हें समजण्यास अमेरिकेंतील कवि रॉबर्ट लॉवेल याचें चरित्र फार उपयोगी आहे. १९१७ सालीं बोस्टन येथें जन्मलेल्या या कवीला तिसाव्या वर्षींच, १९४७ सालीं, पुलित्झर पारितोषिक मिळालें. पुढें दोनच वर्षांनीं, १९४९ च्या आरंभीं, न्यूयॉर्क प्रांतांतील याडो या लेखकनिवासांत त्यानें मोठा गहजब केला. तेथील संचालिका एलिझाबेथ एम्स या कम्युनिस्टांना आश्रय देतात असा आरोप करून, त्यांना काढून टाका, असा आग्रह त्यानें धरला. विश्वस्तांनीं आरोप फेटाळले. पण त्या वृद्धेला व्हायचा तो मनस्ताप झालाच. कांहीं आठवड्यांतच लॉवेलचा उन्माद इतका चढला कीं, त्याला रुग्णालयांत ठेवणें भाग पडलें. त्या वागण्यामागें चढत चाललेला रोग होता, हें लोकांना मागाहून उमगलें. पुढेंही असे झटके वारंवार आले. झटका उतरला कीं तो शरमेनें खचून जाई आणि ज्यांना दुखावलें त्यांना क्षमा मागणारीं पत्रें लिही.

योगायोग असा कीं, त्याच १९४९ सालीं ऑस्ट्रेलियाचे डॉक्टर जॉन केड यांनीं लिथियम या क्षाराचा उन्मादावरील गुण प्रसिद्ध केला. लॉवेलच्या वांट्याला तें औषध यावयास १९६७ साल उजाडलें. त्यामुळें झटके पुष्कळ आटोक्यांत आले, जरी १९७० सालीं इंग्लंडमध्यें एकदां रुग्णालय गांठावें लागलें. याच सुमारास त्यानें पत्नी एलिझाबेथ हार्डविक हिला सोडलें. तिनें दुःखानें लिहिलेलीं खासगी पत्रें त्यानें आपल्या कवितांत घातलीं, आणि तींही मजकूर बदलून. त्याची जिवलग मैत्रीण, कवयित्री एलिझाबेथ बिशप, हिनें १९७२ सालीं पत्र लिहून त्याला कळकळीनें बजावलें कीं, कलेसाठीं इतकी किंमत देणें योग्य नाहीं. त्यानें कांहीं फेरफार केले. परंतु १९७३ सालीं 'द डॉल्फिन' हा संग्रह छापलाच. त्यालाही पुढल्या वर्षीं पुलित्झर मिळालें आणि हार्डविकच्या जिव्हारीं जखम राहिली.

आतां हीं दोन कृत्यें शेजारीं शेजारीं ठेवून पाहावीं. १९४९ चें कृत्य चढत्या उन्मादांतलें होतें. ना विचाराला अवकाश, ना सल्ला ऐकण्याची शक्ति. १९७३ चें कृत्य दोनतीन वर्षें खर्डे तपासून, इशारा ऐकून, विचारपूर्वक केलेलें होतें. पहिल्याला 'कारण' आहे. दुसऱ्याला कोणी आजाराचें नांव दिलें, तर ती 'सबब' होय. मनुष्य एकच आणि रोगही एकच. तरी दोन्ही कृत्यांना एक माप लावतां येत नाहीं. रोगी आहे म्हणून त्याचें प्रत्येक कृत्य रोगाचें नसतें, आणि म्हणूनच त्याच्या कवितेचें श्रेयही सगळें रोगाला देतां येत नाहीं.

कायद्यानेंही हा विवेक राखला आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेचें ८४ वें कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेंत २२ वें कलम म्हणून आलें आहे. त्याचा आशय असा कीं, कृत्य करतेवेळीं मनोविकारामुळें त्या कृत्याचें स्वरूप, किंवा तें चूक अथवा बेकायदा आहे हें, ज्याला कळत नव्हतें, त्याचें कृत्य अपराध ठरत नाहीं. भर आहे तो 'करतेवेळीं' या शब्दावर. डॉक्टरची चिठ्ठी खिशांत असणें पुरेसें नाहीं. त्या घटकेला मनाची स्थिति काय होती, हें सिद्ध व्हावें लागतें.

घरांत मात्र न्यायाधीश नसतो. तेथें आईला, पत्नीला, भावाला हा निवाडा रोज करावा लागतो. मुलानें आईच्या पाटल्या मोडून पैसे उडवले. महिन्याभरानें तो भानावर येऊन तोंड लपवून बसला. अशा वेळीं त्याला चोर म्हणून हिणवणें हा अन्याय आहे. पण पाटल्या गेल्या त्या गेल्याच, आणि 'मी आजारी होतों' एवढ्या शब्दांनीं त्या परत येत नाहींत. रोगाच्या भरांत घडलेल्या गोष्टीचा दोष माणसावर नसेल. तिची भरपाई करण्याची खटपट मात्र त्याचीच असते. ज्याला ती खटपट करावीशी वाटते, त्याच्या तोंडीं आजाराचें नांव कारण म्हणून येतें. खटपट टाळण्यासाठींच जो तें नांव घेतो, त्याच्या तोंडीं ती सबब असते.

खरी जबाबदारी मन ठिकाणावर असतां पार पाडावयाची असते. औषध मध्येंच न सोडणें, रक्ताची तपासणी वेळेवर करणें, झोप तुटूं लागली कीं घरच्यांना सांगणें, झटका येण्यापूर्वींच पैशाचा व्यवहार दुसऱ्याच्या हातीं सोंपवणें, हें सर्व तिच्यांत येतें. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें तर रोग्याला असा हक्क दिला आहे कीं, पुढें आजार बळावल्यास आपल्यावर कोणते उपचार व्हावेत व कोणते नकोत, हें त्यानें आधींच लिहून ठेवावें आणि आपल्या वतीनें बोलणारा माणूस नेमावा. जो हें करतो तो रोगी असूनही जबाबदार आहे. ज्याला रोग नाहीं आणि जो रोगाचें नांव उसनें घेतो, तो निरोगी असूनही बेजबाबदार आहे.

सुक्याबरोबर ओलें जळतें म्हणतात, तसें या उसन्या नांवानें होतें. खोट्या सबबी ऐकून ऐकून लोकांचे कान विटतात, आणि मग खरा रोगी बोलूं लागला तरी त्याच्यावर कोणी विश्वास ठेवीत नाहीं. तो गप्प बसतो, वैद्याकडे जात नाहीं, आणि विषादाच्या एखाद्या रात्रीं जिवाला मुकतो. म्हणून हा शब्द उच्चारतांना प्रत्येकानें जीभ थोडी आवरावी. कोणी आजार सांगूं लागला तर आधीं ऐकून घ्यावें, वैद्याची वाट दाखवावी, आणि झालेल्या नुकसानीचा हिशेब तो बरा झाल्यावर त्याच्यासमवेत बसून शांतपणें करावा. हिशेब मात्र करावाच; कारण त्याला हिशेबांत धरणें म्हणजेच त्याला माणूस म्हणून धरणें होय.