जुनी गाडी : आधी कागद, मग इंजिन

जुन्या मोटारीच्या व्यवहारात फसवणूक दोन ठिकाणी होते : यंत्रात आणि मालकीत. यंत्रातली फसवणूक पैसे खर्चून निस्तरता येते. मालकीतली माणसाला पोलीस ठाण्याच्या आणि कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावते. म्हणून तपासणी कागदापासून सुरू व्हायला हवी. प्रत्यक्षात बॉनेट उघडले जाते, चक्कर मारली जाते, रंग आवडतो, विसार दिला जातो आणि आरसी शेवटी मागितली जाते.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. फॉर्म २९ आणि ३० त्यासाठीच आहेत. बाजारात मात्र कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन ठेवण्याची चाल आहे. गाडी तिघांच्या हातांतून फिरते, आरसीवर नाव पहिल्याचेच राहते. अशाच एका गाडीचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. गाडी २००७ मध्ये विकलेली, पुढे हातोहात गेलेली, अपघात २००९ चा. फेब्रुवारी २०१८ च्या निकालात भरपाईची जबाबदारी आरसीवर नाव असलेल्यावरच आली. विकणाऱ्याला याहून स्पष्ट इशारा नाही. घेणाऱ्यालाही धडा तोच : समोर बसलेला माणूस आणि आरसीवरचे नाव एक नसेल, तर विसार देऊ नये.

आरसीवर कर्जाचा बोजा असेल, तर ‘हप्ते फिटले आहेत’ या शब्दावर विसंबू नये. बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ देऊन बोजा उतरवल्यावरच पूर्ण रक्कम द्यावी. वाहन प्रणालीवर किंवा एम-परिवहन ॲपवर नोंदणी, विमा आणि फिटनेसची मुदत दिसते; थकलेली ई-चलानेही पाहून घ्यावीत. चासी आणि इंजिन क्रमांक गाडीवरून स्वतः वाचून आरसीशी ताडावेत. क्रमांकाभोवती घासल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा दिसल्या तर व्यवहार तिथेच थांबवावा. मोडीत निघालेल्या गाडीचा क्रमांक चोरीच्या गाडीवर चढवण्याचा प्रकार जुना आहे.

पुरात बुडालेल्या गाड्यांचा विषय थोडा विस्ताराने घ्यायला हवा. २६ जुलै २००५ ची मुंबई, ऑगस्ट २०१९ मधले सांगली-कोल्हापूर, जुलै २०२१ मधले चिपळूण. प्रत्येक पुरात असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. विमा कंपनीने पूर्ण नुकसान मान्य केले की सांगाडा लिलावात जातो, आणि धुऊनपुसून, सीटकव्हर बदलून तो पुन्हा रस्त्यावर येऊ शकतो. चिपळूण, कोल्हापूर, सांगलीकडचे एमएच ०८, ०९ किंवा १० पासिंग म्हणजे बुडालेली गाडी, असा अर्थ मुळीच नाही. त्या भागांतल्या चांगल्या गाड्यांवर तो अन्याय ठरेल. पण खुणा शोधाव्यातच. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला की आतल्या पट्ट्यावर गाळाची रेघ दिसते. सीटखालचे रूळ गंजलेले असतात. स्टेपनीच्या खळग्यात बारीक माती, हेडलाइटच्या आत बाष्प, गालिच्याखाली कुबट वास. वायरिंगमधला गंज मात्र महिन्यांनी बोलतो, आणि एअरबॅग ऐन वेळी उघडेल याची खात्री उरत नाही. इथे प्रश्न पैशाचा राहत नाही, गाडीत बसणाऱ्या मुलाबाळांचा होतो.

मीटर मागे फिरवण्याबद्दल बहुतेकांना ठाऊक आहे. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधल्या नोंदी मागाव्यात. पेडलचे रबर आणि स्टिअरिंगची झीजही पाहावी.

विक्रेत्यांना हे कठोर वाटेल. प्रामाणिक विक्रेत्याचे यात काही बिघडत नाही. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांसाठी आरटीओच्या अधिकारपत्राची व्यवस्था आहे. मालकाने गाडी ताब्यात दिल्याची नोंद त्यात होते. ते अधिकारपत्र दाखवायला सांगणे म्हणजे अविश्वास नव्हे.

आता विमा, थोडक्यात. कलम १५७ नुसार तृतीय पक्षाचा विमा गाडीबरोबर नव्या मालकाकडे जातो. तरी १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी. तसे न केल्यास स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो. ताबा घेताना तारीख आणि वेळ लिहिलेली पावती दोघांच्या सह्यांनी करावी. त्या क्षणाआधीची चलाने विकणाऱ्याची, नंतरची घेणाऱ्याची. नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, त्यामुळे किंमत ठरवताना तो हिशेबात धरू नये.