दिवा लावून निघालेली गाडी



मागच्या महिन्यात आमच्या गटातल्या एका ताईंच्या सुनेला रात्री दीड वाजता कळा सुरू झाल्या. १०८ ला फोन लावला आणि आम्ही चार-पाचजणी मोबाईलच्या बॅटऱ्या घेऊन फाट्यावर जाऊन उभ्या राहिलो, गाडी वाट चुकू नये म्हणून. लांबून तो फिरता दिवा दिसला आणि सासूबाई तिथंच मातीत मटकन बसल्या. "आली गं बाई," एवढंच म्हणाल्या. सून आणि नात दोघी बऱ्या आहेत.

आज अशाच एका दिव्याबद्दल बोलायचंय, पण तो आपल्याकडचा नाही. गाझातला आहे.

तिथल्या युद्धाचं टीव्हीवर तुम्ही ऐकलंच असेल. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासच्या लोकांनी इस्रायलमध्ये शिरून सुमारे १२०० माणसं मारली, अडीचशेच्या आसपास ओलीस धरून नेली. मग इस्रायलनं गाझावर हल्ले सुरू केले. मार्च २०२५ पर्यंत गाझात मेलेल्यांचा आकडा, तिथल्या आरोग्य खात्याच्या मोजणीप्रमाणे, ५० हजारांच्या पुढे गेला. त्यात बायका आणि लेकरं फार. एवढा आकडा ऐकला की डोकं बधिर होतं, काही समजेनासं होतं. म्हणून एकाच पहाटेचं सांगतो.

२३ मार्च २०२५. रमजानचा महिना. गाझाच्या दक्षिण टोकाला रफाह शहर आहे, तिथली तल अल-सुलतान वस्ती. अंधार असतानाच जखमींना आणायला रेड क्रिसेंटची एक अँब्युलन्स निघाली. रेड क्रिसेंट म्हणजे आपल्या रेड क्रॉसची बहीणच, फुलीच्या जागी चंद्रकोर. त्या गाडीवर गोळीबार झाला. गाडीशी संपर्क तुटला, तेव्हा तिला शोधायला तिचेच सोबती निघाले. अँब्युलन्स होत्या, आगीचा बंब होता. त्यांच्यावरही इस्रायली सैनिकांनी गोळ्या झाडल्या. सगळे मिळून १५ जण गेले. रेड क्रिसेंटचे ८, तिथल्या नागरी संरक्षण दलाचे ६ आणि संयुक्त राष्ट्रांचा एक कर्मचारी. आठवडाभरानं, ३० मार्चला, त्यातल्या बहुतेकांचे देह वाळूतून उकरून काढले. अंगावर गणवेश होते, हातमोजेही तसेच. त्या दिवशी तिकडे ईद होती.

सैन्यानं आधी सांगितलं, की गाड्या दिवे न लावता, संशय यावा अशा आल्या. पण मेलेल्यांतल्या एकाच्या मोबाईलमध्ये त्या पहाटेचं चित्रण निघालं. त्यात गाड्यांचे पुढचे दिवे चालू आहेत, वरचे दिवे फिरताहेत. पुढं गोळ्यांचा आवाज, आणि तो मुलगा आपल्या आईची माफी मागतोय. लोकांना मदत करायची ही वाट मी निवडली, असं तिला सांगतोय. नंतर सैन्यानं दिव्यांबद्दलचं म्हणणं चुकीचं असल्याचं कबूल केलं आणि एका अधिकाऱ्याला पदावरून काढलं. मेलेल्यांत सहाजण हमासचे होते असंही सैन्य म्हणतं. रेड क्रिसेंटला ते मान्य नाही.

हे बैठकीत सांगितलं, तर आमच्या एक आजी दोनदा विचारत राहिल्या, "दिवे लावले होते ना गं पोरांनी?" हो आजी, लावले होते.

एकीनं मात्र विचारलं, आपण कुणाची बाजू घ्यायची? प्रश्न खरा आहे. मोबाईलवर दोन्हीकडचे मेसेज येतात आणि आपसांत वाद होतात. तिला आम्ही दुसरी एक गोष्ट सांगितली. ७ ऑक्टोबरला इस्रायलमध्ये गाण्या-नाचण्याचा एक मोठा मेळा भरला होता. तिथं ड्यूटीवर २३ वर्षांचा एक अरब पोरगा होता, इस्रायलचाच नागरिक, जखमींना पट्ट्या बांधणारा. हल्ला झाल्यावर बाकीचे निघाले, हा थांबला. मला अरबी येतं, मी निभावून नेईन, असं त्याला वाटलं. हमासच्या लोकांनी त्यालाही मारलं. आता याची बाजू कुठली म्हणायची?

जखमी माणूस आणि त्याला उचलायला आलेला माणूस, दोघांवर हत्यार चालवायचं नाही, असं १९४९ च्या जिनिव्हा करारांत लिहिलेलं आहे. आपल्या देशानंही ते मान्य केले आहेत. आणि हे काही नुसतं कागदावरचं नाही. अँब्युलन्सवर गोळ्या चालल्या की पुढच्या वेळी निघणाऱ्याचा पाय अडखळतो. फोन करणारीही विचार करते, बोलावू की नको. तोवर घरात पडलेल्याचं रक्त जातच असतं. त्याचं मरण गोळीच्या हिशेबात धरत नाहीत.

आमच्या आशाताई सहसा बैठकीत बोलत नाहीत. त्या दिवशी म्हणाल्या, "मला रात्री कुणी उठवलं तर भीती वाटते ती कुत्र्यांची आणि जनावराची. पायात बूट घालते नि काठी घेते, झालं. गोळीचा विचार करून घरातनं निघायचं म्हणजे काय, मला तर कळतच नाही."

एवढं बोलून त्या उठल्या. आमच्या त्या नव्या नातीची सातव्या दिवसाची भेट राहिली होती.