पदवीला कोणते विषय घ्यावेत?



बारावीचा निकाल लागला की आमच्या ओट्यावर दोन-चार पालक येऊन टेकतात. असेच पाथर्डीकडचे एक गृहस्थ आले होते. मुलगी कला शाखेतून चांगल्या गुणांनी पास झालेली. म्हणाले, "गुरुजी, नगरच्या कॉलेजात नाव घालायचं म्हणती. पण आर्ट्‌सला घालून उपेग काय? पोरगी वाया जायची."

हाच प्रश्न तुमच्याही दारी येत असेल. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

नगरचे हे कॉलेज, म्हणजे अहमदनगर कॉलेज, डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ साली काढले. शहराचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. संस्था ख्रिस्ती, पण तिथे कोणत्याही जातिधर्माचे मूल शिकते. नगरला ही परंपरा जुनीच आहे. सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिकेचे धडे घेतले ते इथल्याच मिशनच्या मिस फॅरार यांच्याकडे. या कॉलेजात कला, विज्ञान आणि वाणिज्य अशा तिन्ही शाखा एकाच आवारात आहेत, आणि माझ्या मते खरी मौज त्यातच आहे.

'आर्ट्‌स' म्हणजे चित्रकला नव्हे, किंवा राहिलेल्यांची शाखाही नव्हे. युरोपात चर्चच्या छायेत वाढलेल्या जुन्या विद्यापीठांत व्याकरण, वक्तृत्व, तर्क, अंकगणित, भूमिती, संगीत आणि ज्योतिष अशा सात विद्या प्रत्येकाला शिकाव्या लागत. त्यांनाच 'आर्ट्‌स' म्हणत. म्हणजे पाहा, गणितही त्यातलेच! शाखांच्या भिंती पुढे उभ्या राहिल्या.

त्या भिंतींना आता थोडी दारे पडली आहेत. २०२० च्या शिक्षण धोरणानुसार पदवीला एक मुख्य विषय, जोडीला एक दुय्यम विषय, आणि शिवाय एक खुला विषय असतो. हा खुला विषय आपल्या शाखेबाहेरचा घ्यावा लागतो. भाषा, एखादे हस्तकौशल्य, राष्ट्रीय सेवा योजनेसारखे काम, प्रत्यक्ष क्षेत्रात जाऊन करायचा अभ्यास हेही त्यात मोजले जाते. मोजमाप 'श्रेयांकां'नी होते. वर्गातल्या पंधरा तासांचा एक श्रेयांक. तीन वर्षांत सुमारे १२० जमले की पदवी, चौथे वर्ष केले तर ऑनर्स.

आता आपल्या भागाला फार महत्त्वाची गोष्ट. एक वर्ष करून शिक्षण थांबले तरी नियमाप्रमाणे प्रमाणपत्र मिळते, दोन वर्षांनी पदविका. मिळवलेले श्रेयांक सात वर्षांपर्यंत खात्यावर जमा राहतात. दुष्काळ पडला, आईबाप कोयता घेऊन कारखान्यावर गेले, मुलीचे लग्न ठरले, म्हणून वर्ष बुडाले तरी पहिलीपासून काढायला नको. मात्र ही सोय आहे म्हणून मध्येच सोडायची घाई करू नका. परत येणे कागदावर दिसते तितके सोपे नसते.

इथे माझी एक चूक कबूल करतो. पुष्कळ वर्षांपूर्वी इतिहासात रमणाऱ्या एका मुलाला, केवळ गुण बरे म्हणून, मी आग्रहाने सायन्सला घातले. दोनदा नापास झाला आणि घरी बसला. आजही बाजारात भेटला की रामराम घालतो, आणि मला त्याच्याकडे बघवत नाही. तेव्हापासून मी आधी मुलाला विचारतो, मग बापाला.

त्या मुलीलाही विचारले. ती म्हणाली, "अर्थशास्त्र. आणि दुसरा भूगोल." का, तर कांद्याचा भाव दर वर्षी का पडतो ते तिला समजून घ्यायचे होते. खुला विषय विज्ञानाकडचा किंवा वाणिज्याकडचा घ्यावा लागेल असे सांगितले, तेव्हा इतका वेळ गप्प बसलेले वडील सावरून बसले.

"म्हणजे मातीपरीक्षण-बिरीक्षण असतं का त्यात?"

मी म्हटले, "ते तिथेच विचारू." गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला पिशवीत घातले, आणि सोमवारच्या पहिल्या एस. टी. ने आम्ही तिघे नगरला निघालो.