उत्तरपत्रिकेतील मांडणी

 

देवणीसारख्या गावातून सी.ए. होऊ पाहणारी मुले पाठांतरात सहसा कमी पडत नाहीत. ती कमी पडतात मांडणीत. फाउंडेशन परीक्षेत प्रत्येक पेपरला ४० टक्के आणि एकूण ५० टक्के गुण लागतात. चारही पेपरांत चाळीस-चाळीस मिळवणारा विद्यार्थीही अनुत्तीर्णच ठरतो. दोन गुणांची किंमत व्यापाऱ्याच्या मुलाने तरी ओळखावी.

कायद्याच्या पेपरात शोभेल असा प्रश्न घेऊ, तोही कापडाचाच. व्यापाऱ्याने नमुना पाहून शंभर तागे मागवले. माल नमुन्याबरहुकूम आला. पण विणीतील छुपा दोष नंतर उघड झाला व कापड विकण्याजोगे राहिले नाही. (अ) माल नाकारता येईल काय? (आ) दोष नमुन्यातच सहज दिसणारा असता तर? (इ) मागणीत ‘शुद्ध सुती’ असे वर्णनही असते आणि धागा मिश्र निघाला तर?

दुकानात वाढलेला मुलगा क्षणात निर्णय देतो, ‘माल परत!’ व्यवहारात तो चोख आहे. पण नियम न लिहिल्यामुळे त्याचे गुण जातात. दुसरा १९३० चा मालविक्री कायदा पानभर उतरवतो आणि निर्णयच विसरतो. हा दुसरा दोष अधिक आढळतो. प्रत्येक उपप्रश्नाला स्वतंत्र उत्तर हवे: आधी तरतूद, मग दिलेल्या घटनेला ती कशी लागू पडते ते, शेवटी स्पष्ट निर्णय. (अ) साठी कलम १७ : नमुन्याच्या वाजवी तपासणीत न दिसणारा, माल विक्रीस अयोग्य करणारा दोष नसावा, ही गर्भित अट आहे. ती मोडली, म्हणून माल नाकारता येतो. कोटाच्या लोकरी कापडाचा असाच वाद १८८७ मध्ये इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर गेला होता. निकाल खरेदीदाराच्या बाजूने लागला. (आ) मध्ये हा आधार सुटतो. (इ) साठी कलम १५ : नुसता नमुना जुळून भागत नाही, वर्णनही जुळावे लागते.

ही रीत आपल्या परंपरेला परकी नाही. भगवती सूत्रात जयंती श्राविका विचारते, जीवांचे झोपणे बरे की जागणे? भगवान एका शब्दात उत्तर देत नाहीत. अधर्मी जीवांचे झोपणे बरे, धर्मनिष्ठांचे जागणे बरे, असा विभाग करून ते सांगतात आणि प्रत्येकाचे कारणही देतात.

इन्स्टिट्यूट मागील परीक्षांची सुचविलेली उत्तरे प्रसिद्ध करते. मुले ती नुसती वाचतात. आधी घड्याळ लावून स्वतः लिहून मग ताडून पाहणारे थोडे. सुवर्णमहोत्सवी वर्षात ट्रस्टने रविवारी तीन तासांचा असा लेखी सराव सुरू करावा, आणि गावातून सी.ए. झालेल्यांनी त्या उत्तरपत्रिका तपासून द्याव्यात.