रक्तगट आणि शरीराचे वजन

(शिरगाव, तालुका डिचोली येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



अमुक रक्तगटाच्या माणसाचे अंग लवकर सुटते आणि गटाप्रमाणे आहार घेतल्यास वजन उतरते, असा समज अलीकडे बराच रूढ झाला आहे. १९९६ साली पीटर डिॲडामो या अमेरिकन निसर्गोपचारकाच्या पुस्तकामुळे तो जगभर पसरला. ‘ओ’ गटाने मांसाहार करावा, ‘ए’ गटाने शाकाहारी राहावे, असे त्याचे प्रतिपादन आहे. ते खरे मानल्यास एकाच घरात दोन चुली मांडाव्या लागतील. म्हणून त्याची पारख करणे अगत्याचे आहे.

तांबड्या रक्तपेशींच्या पृष्ठभागावरील विशिष्ट शर्करायुक्त घटकांवरून ए, बी, एबी व ओ हे गट ठरतात. १९०१ साली कार्ल लँडस्टायनर यांनी या भेदांचे वर्णन प्रसिद्ध केले. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे’ हा दुर्मिळ गट मुंबईतच प्रथम नोंदविला. रक्तगट मातापित्यांकडून येतो व सहसा जन्मभर तोच राहतो. वजन मात्र आहार, श्रम, झोप, वय व आनुवंशिकता यांनुसार बदलते.

रक्तगट आणि स्थूलता यांचा संबंध शोधणाऱ्या पाहण्यांचे निष्कर्ष परस्परांशी जुळत नाहीत. २०१४ साली टोरांटो विद्यापीठातील संशोधकांनी सुमारे १,४५५ व्यक्तींच्या आहाराची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी काही आहारांनी लाभ झाला, परंतु तो व्यक्तीच्या रक्तगटावर अवलंबून नव्हता. भाजीपाला वाढला व गोडधोड घटले, तर कोणत्याही गटाच्या माणसास हितच होते.

आपल्यापुढील खरा प्रश्न निराळा आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले आहे की, भारतीय माणूस दिसावयास सडपातळ असला, तरी त्याच्या शरीरात चरबी अधिक असू शकते. म्हणून किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा अंक आपल्याकडे २३ च्या आत असावा. कमरेचा घेर पुरुषांनी ९० व स्त्रियांनी ८० सेंटिमीटरच्या आत ठेवावा. मधुमेही व्यक्तीने रक्तगटाच्या आहारावर विसंबून औषध सोडणे धोक्याचे आहे.

रक्त आणि वजन यांचा एक संबंध मात्र निर्विवाद आहे. प्रौढ माणसाच्या शरीरात दर किलोग्रॅम वजनामागे सुमारे ७० मिलिलिटर रक्त असते. त्यामुळेच रक्तदात्याचे वजन किमान ४५ किलोग्रॅम असावे लागते. ४५० मिलिलिटर रक्त द्यावयाचे झाल्यास ते ५५ किलोग्रॅमहून अधिक हवे.

तेव्हा आपला रक्तगट अवश्य तपासून घ्या व त्याची नोंद घरात ठेवा. अपघातात वा बाळंतपणात रक्त देण्याची वेळ आली, की ती माहिती उपयोगी पडते. ताटात काय वाढावे, हे मात्र तिच्यावरून ठरवू नका. त्यासाठी वजनकाटा, मोजपट्टी आणि आरोग्य केंद्रातील डॉक्टरांचा सल्ला पुरेसा आहे.